झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर: सोलापुरातल्या एका केंद्राची स्ट्रोक एमआरआय सेवा

रात्री अकराला जेवून नीट झोपलेला माणूस पहाटे साडेपाचला उठतो. उजवा हात लोंबकळतोय, तोंड डावीकडे ओढलंय, शब्द जिभेवर येऊन अडकतायत. घरचे दवाखान्यात सांगतात, "आत्ताच झालं, साडेपाचला." डॉक्टरांचा हिशोब वेगळा असतो. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून त्यांचं घड्याळ सुरू होतं, म्हणजे रात्री अकरापासून. साडेसहा तास उलटले. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तर साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं.

मेंदूचा झटका (स्ट्रोक) खरोखर अकराला आला की पहाटे पाचला, हे रुग्ण सांगू शकत नाही आणि साधा सीटी स्कॅनही सांगू शकत नाही. एमआरआय बऱ्याच अंशी सांगू शकतो. सोलापूर शहरातल्या एका खासगी केंद्रात नेमक्या याच कामासाठी 'स्ट्रोक एमआरआय' नावाची छोटी तपासणी मिळते. हे परीक्षण तिचं आहे. केंद्राचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. इथं जे चांगलं आहे आणि जे चुकतं, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या बऱ्याच केंद्रांत सापडेल.

आमचं मत आधीच सांगतो. झोपेतून उठल्यावर लकवा कळला, किंवा माणूस एकटा होता आणि कधी पडला ते कुणालाच माहीत नाही, तर ही सेवा घ्यावी आणि ताबडतोब घ्यावी. डोळ्यांदेखत तासाभरापूर्वी झटका आला असेल, तर एमआरआयच्या रांगेत एक मिनिटही घालवू नये. सीटी काढून रक्तस्राव नाही एवढं बघावं आणि इंजेक्शन सुरू करावं. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला आणि तो आजही धरला जातो. वीस मिनिटं वाया गेली तर किती, हे ज्याचं त्याने मोजावं.

यंत्र १.५ टेस्लाचं आहे. स्ट्रोकसाठी चुंबकाची एवढी ताकद पुरते. तीन टेस्लाच्या यंत्रामागे धावत शहराबाहेर जाण्याची गरज नाही. कमी ताकदीच्या उघड्या एमआरआयवर मात्र या कामासाठी भरवसा ठेवू नये, त्यावर पहिल्या तासांतला छोटा डाग निसटतो. पूर्ण ब्रेन एमआरआयला अर्धा तास लागतो. इथली छोटी तपासणी टेबलावर झोपवल्यापासून बारा-तेरा मिनिटांत आटोपते आणि चित्रांच्या मालिकांचा क्रमही बरोबर लावलेला आहे: आधी डीडब्ल्यूआय, मग फ्लेअर, मग एसडब्ल्यूआय, शेवटी रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी. रुग्ण मध्येच हलायला लागला आणि तपासणी थांबवावी लागली, तरी सगळ्यात महत्त्वाचं आधी हाती आलेलं असतं.

खरा खेळ पहिल्या दोन मालिकांचा आहे. डीडब्ल्यूआय म्हणजे ऊतीतलं पाणी किती मोकळेपणाने हलतंय ते दाखवणारी मालिका. रक्त बंद झालं की पेशीतले पंप थांबतात, बाहेरचं पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि पाण्याला हलायला जागा उरत नाही. हे मिनिटांत घडतं. पडद्यावर ती जागा खोबऱ्याच्या ताज्या काचरीसारखी पांढरीशुभ्र दिसते. शेजारच्या एडीसी नकाशात (पाण्याच्या त्याच हालचालीचं मोजमाप) तीच जागा काळी दिसली पाहिजे. इकडे पांढरी आणि तिकडे काळी, ही जोडी जमली तरच डाग नवा. दोन्हीकडे पांढरी असेल तर तो जुन्या डागाचा उजेड असू शकतो, आणि त्यावरून इंजेक्शनचा निर्णय घेणं धोक्याचं.

फ्लेअरचं काम याच्या पुढचं. ऊतीत एकूण पाणी वाढलं की फ्लेअरवर डाग उमटतो, आणि त्याला तास लागतात. म्हणून डीडब्ल्यूआयवर डाग ठळक आहे पण फ्लेअरवर ती जागा स्वच्छ आहे, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. फ्लेअरवरही पांढरं दिसू लागलं असेल तर उशीर झालेला आहे. दूध नासलंय की नाही हे वासावरून ओळखावं तसं हे घड्याळ आहे. मिनिटाचा काटा नाही, पण अंदाज कामाचा. किती कामाचा, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळतं: या तफावतीवरून साडेचार तासांच्या आतले रुग्ण ओळखताना विशिष्टता ७८ टक्के आली (उशिरा आलेल्या शंभरातल्या ७८ जणांत तफावत दिसली नाही), संवेदनशीलता ६२ टक्के (वेळेत आलेल्या शंभरातल्या ६२ जणांत ती दिसली). म्हणजे तफावत दिसली तर बरीच खात्री. नाही दिसली तर माणूस नक्की उशिरा आलाय असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

उपचाराला आधार मिळाला तो २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेक-अप' या युरोपातल्या चाचणीने. वेळ माहीत नसलेले ५०३ रुग्ण, सगळ्यांच्या एमआरआयवर वर सांगितलेली तफावत. अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के रुग्ण नव्वद दिवसांनी जवळपास पूर्ववत होते, औषधाविना ४१.८ टक्के. या फायद्याची किंमतही आहे आणि ती नातेवाइकांना सांगितलीच पाहिजे: लक्षणं बिघडवणारा डोक्यातला रक्तस्राव औषध मिळालेल्यांत २ टक्के, न मिळालेल्यांत ०.४ टक्के. आणखी एक अट हमखास विसरली जाते. लक्षणं लक्षात आल्यापासून साडेचार तासांच्या आत इंजेक्शन सुरू झालं पाहिजे. साडेपाचला जाग आली तर दहाच्या आत. अक्कलकोटहून किंवा मोहोळहून निघालेल्याला हे जमण्यासारखं आहे. करमाळ्याच्या टोकाहून निघालेल्याने वाटेत "आधी आमच्या डॉक्टरांना दाखवू" म्हणून थांबू नये.

तिसरी मालिका एसडब्ल्यूआय. रक्त साचलेलं असेल तर ती जागा काळी दिसते. रक्तस्राव वगळायला सीटीच लागतो असा समज अजून घट्ट आहे. ताजा रक्तस्राव ओळखण्यात या प्रकारची मालिका सीटीइतकीच भरवशाची आहे, आणि नवा इस्केमिक झटका, म्हणजे रक्त अडल्याने आलेला, पकडण्यात तर सीटी फारच मागे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्याच ३५६ रुग्णांत एमआरआयने ताजा इस्केमिक झटका १६४ जणांत दाखवला, सीटीने ३५ जणांत. तरीही झटक्याची वेळ माहीत असलेल्या रुग्णाला आम्ही आधी सीटी म्हणतो त्याचं कारण वेळेचं आहे. सीटी काही सेकंदांत होतो, पेसमेकर विचारत नाही, आणि स्वच्छ सीटी हेच लवकर आलेल्या रुग्णासाठी हिरवं निशाण असतं. डाग दिसण्याची वाट बघायची नसते.

एसडब्ल्यूआयवर कधी कधी गुठळीच दिसते, मेंदूच्या मधल्या रक्तवाहिनीत जाड काळी काडी असावी तशी. बारीक जुने रक्तस्रावही, मायक्रोब्लीड, इथंच कळतात. ते दहाच्या वर असतील तर इंजेक्शनआधी डॉक्टर पुन्हा विचार करतात.

आता टेबलापर्यंत पोचण्याची गोष्ट. वेळ यंत्रात जात नाही, दारात जातो. या केंद्राच्या प्रशिक्षित टेक्निशियनने दिवसा हे काम फार नीट बसवलंय. स्ट्रेचर आत येताच एक जण नातेवाइकांना प्रश्न विचारतो, दुसरा दागिने उतरवतो. इथं नेमकी माहिती नसली की दहा मिनिटं सहज जातात, म्हणून सांगतो. साध्या काचेच्या बांगड्यांना हात लावायची गरज नाही, काच चुंबकाला लागत नाही. सोन्याच्या पाटल्या, बिलवर मात्र काढाव्यात. सोनं खेचलं जात नाही, पण धातूचं कडं तापू शकतं. साबणाचं पाणी लावून निघतात. मंगळसूत्र डोक्याभोवती बसवायच्या कॉइलच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे काढावंच लागतं. ते रुग्णाच्याच घरच्या बाईच्या हातात द्यावं, म्हणजे कुरकुर होत नाही. चांदीची जोडवी घट्ट बसली असतील तर ओढाताणीत वेळ न घालवता टेक्निशियनला दाखवावीत. अंबाड्यातल्या पिना आणि ब्लाउजच्या सेफ्टी पिना मात्र एकही राहता कामा नये, त्या उडतात. जरीच्या साडीत धातूची तार असते, गाऊन घालावाच. अँब्युलन्समध्ये लावलेली ईसीजीची बटणं आणि छातीवरची औषधाची पट्टी काढून टाकावी, त्यांच्याखाली कातडी भाजते.

पेसमेकरचा प्रश्न नाजूक आहे. वाचा गेलेला माणूस "माझ्या छातीत मशीन आहे" हे सांगू शकत नाही, आणि गावाकडून आलेल्या पुतण्याला ते माहीतच नसतं. टेक्निशियनने गळ्याच्या हाडाखाली, विशेषतः डाव्या बाजूला, हाताने चाचपून बघावं. तिथं रुपयापेक्षा मोठा कडक गोळा आणि वर जुना व्रण असेल तर थांबावं आणि सीटीकडे वळावं. कानातलं रोपण आणि मेंदूतली जुनी क्लिप हीही विचारायची. हे केंद्र चाचपून बघतं, म्हणून त्याचं कौतुक.

ऑक्सिजनच्या सिलिंडरबाबत तडजोड नको. चुंबक तपासणी चालू असतानाच 'ऑन' असतो असा समज आहे. तो चोवीस तास, वीज गेलेली असतानाही, ओढतच असतो. २०१८ मध्ये मुंबईत लोखंडी सिलिंडर आत नेल्याने एका नातेवाइकाचा जीव गेला होता. इथं आतल्या खोलीत भिंतीतून ऑक्सिजनची सोय आहे आणि लोखंडी स्ट्रेचर दाराच्या लाल पट्टीपाशीच थांबवतात. त्या पट्टीपाशी कुणी घाईने ढकलाढकली केली तर टेक्निशियन ओरडतो, आणि त्याने ओरडावंच.

एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. सोलापुरात रुग्ण मराठी बोलेलच असं नाही. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोट रस्त्याने आलेल्यांत कन्नड. झटक्यात माणसाची समज आधीच धूसर झालेली असते, त्यात परक्या भाषेतली सूचना पोचत नाही. इथला टेक्निशियन मायक्रोफोनवरून आधी "हलू नका", मग "कदलकंडी", मग "अलुगाडबेडी" म्हणतो. तीन शब्द, पण त्यांनी फ्लेअर धुरकट होण्यापासून वाचते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा घट्ट बसवणं हाही त्याचाच भाग. झोपेचं इंजेक्शन शक्यतो टाळतात, ते बरोबर आहे. श्वास मंदावला तर यंत्राच्या नळीत कळायला उशीर होतो आणि रुग्ण किती सुधारतोय हेही झाकलं जातं.

आता खोट. दारावर 'चोवीस तास' लिहिलंय, पण रात्री दहानंतर टेक्निशियन घरून येतो. फोन केल्यापासून यंत्र सुरू व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. उठल्यावर लकवा कळण्याची वेळ नेमकी पहाटेची, म्हणजे ज्या रुग्णासाठी ही सेवा सर्वांत मोलाची त्यालाच ती सर्वांत उशिरा मिळते. पहाटे चार ते आठ एक माणूस केंद्रात झोपायला ठेवला तरी हे सुटेल.

दुसरी खोट रिपोर्टची, आणि आमच्या दृष्टीने हीच मोठी. छापील रिपोर्टात लिहिलेलं असतं की डाव्या मधल्या रक्तवाहिनीच्या भागात ताजा इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) आहे. बरोबर आहे, पण प्रश्न तो नव्हताच. फ्लेअरवर डाग आहे की नाही, हे वाक्य रिपोर्टात नसतं. विचारावं लागतं. फिल्मवर एडीसी नकाशाही बरेचदा छापत नाहीत. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला चारच गोष्टी हव्या असतात: डीडब्ल्यूआयवर डाग कुठं आणि मधल्या रक्तवाहिनीच्या क्षेत्राच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा आहे का, फ्लेअरवर दिसतो का, रक्त आहे का, आणि मोठी रक्तवाहिनी बंद आहे का. या चार ओळी रेडिओलॉजिस्टने पडद्यावर बघता बघता फोनवर सांगाव्यात. फिल्म छापून, लिफाफ्यात घालून, बिल भरून हातात येईपर्यंत थांबण्यात काहीच अर्थ नाही. नातेवाइकांनीही फिल्मसाठी खोळंबू नये. एकाने मागे थांबावं, बाकीच्यांनी रुग्णाबरोबर जावं.

चौथ्या ओळीचं महत्त्व वेगळं. अँजिओग्राफीला इथं चारेक मिनिटं लागतात आणि तिला कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, लागत नाही. गळ्यातून वर जाणारी किंवा मेंदूची मधली मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नुसत्या इंजेक्शनने गुठळी हलेलच असं नाही. मांडीतून तार घालून ती ओढून काढावी लागते. २०१८ च्या 'डॉन' आणि 'डिफ्यूज-३' या चाचण्यांनी निवडक रुग्णांत हे अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत करता येतं हे दाखवलं. 'डिफ्यूज-३' मध्ये मेलेला भाग ७० मिलिलिटरपेक्षा कमी आणि रक्त कमी पडलेला एकूण भाग त्याच्या किमान १.८ पट अशी अट होती, आणि नव्वद दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४५ टक्के विरुद्ध १७ टक्के असा फरक पडला. यासाठी पर्फ्यूजन, म्हणजे कुठल्या भागात किती रक्त पोचतंय ते दाखवणारी मालिका, लागतं: कोपरातल्या जाड शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई, गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट सेकंदाला ५ मिलिलिटरच्या वेगाने. सुई हाताच्या मागच्या बारीक शिरेत असेल तर या वेगाला शीर फुटून जागा फुगते आणि तपासणी वाया जाते. इथं मागितल्याशिवाय पर्फ्यूजन करत नाहीत. आधीच सांगितलं तर करतात.

रक्तवाहिनी बंद निघाली तर शहरात त्या वेळी गुठळी ओढून काढायची सोय (कॅथलॅब) आणि हे काम करणारा डॉक्टर हजर आहे का, हे आधी विचारावं. नसेल तर पुणे अडीचशे किलोमीटर. निघण्याआधी इंजेक्शन बसत असेल तर ते इथंच सुरू करून निघावं, आणि प्रतिमा पेन ड्राइव्हवर डायकॉम, म्हणजे यंत्रातल्या मूळ, स्वरूपात घ्याव्यात. मोबाइलने काढलेला फिल्मचा फोटो पुढच्या डॉक्टरला फारसा उपयोगी पडत नाही, आणि मग तीच तपासणी पुन्हा होते.

रुग्णाचं वजन वारंवार का विचारतात, तेही इथंच सांगतो. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. साठ किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, त्यातलं ५.४ एका मिनिटात शिरेतून, उरलेलं ४८.६ एका तासात. अंदाजाने दहा किलो जास्त सांगितलं तर औषधही नऊ मिलिग्रॅम जास्त जातं. शेवटचं नीट केलेलं वजन लक्षात असेल तर तेच सांगावं. रक्तदाब १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत, त्यामुळे रोजच्या गोळ्यांची पाकिटं आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली ती वेळ बरोबर न्यावी.

एमआरआय स्वच्छ आला म्हणजे झटका नाही, असंही धरू नका. मेंदूच्या मागच्या भागातला, देठातला छोटा झटका पहिल्या दिवशी डीडब्ल्यूआयवर निसटू शकतो. घेरी, दोन-दोन दिसणं, चालताना एका बाजूला झुकणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. ते पैसे काढणं नव्हे. उलट बाजूने, साखर घसरल्यावरही एक बाजू लुळी पडते. बोटाला टोचून साखर बघायला अर्धं मिनिट लागतं, ती एमआरआयआधीच बघितलेली असावी. हे केंद्र रुग्णालयाची चिठ्ठी आणि साखरेचा आकडा असल्याशिवाय स्ट्रोक एमआरआय घेत नाही. नातेवाइकांना याचा राग येतो, पण नियम योग्य आहे. लकव्याचा रुग्ण सरळ स्कॅन सेंटरला नेऊच नये, इंजेक्शन देऊ शकणाऱ्या रुग्णालयात न्यावा. आणि वाटेत त्याला पाणी, चहा, गोळी काहीही पाजू नये. गिळणं बिघडलेलं असतं, ते छातीत जातं.

सोलापूरचा उन्हाळाही हिशोबात धरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडली की यंत्र थंड ठेवणाऱ्या चिलरवर ताण येतो, आतल्या कॉइल तापतात आणि तपासणी मध्येच थांबते. दुपारी ओळीने गुडघे आणि कंबरा चालू असतील तर हे जास्त घडतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात, तेव्हा सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने जाणारी वाट टाळावी.

केंद्राला फोन करताना चारच गोष्टी विचाराव्यात. टेक्निशियन आत्ता केंद्रात आहे की घरून येणार? टेबलावर कुणी असेल तर त्याला मध्ये थांबवून स्ट्रोकचा रुग्ण घेणार का? रेडिओलॉजिस्ट फोनवर लगेच सांगणार का? आणि अँजिओग्राफीचे पैसे ठरलेल्या दरात धरलेत की वेगळे? पहिल्या प्रश्नाला "बोलावतो" असं उत्तर आलं तर टेक्निशियनला तेव्हाच निघायला सांगावं. हा फोन रुग्णालयात पोचल्यावर नव्हे, गाडी गावातून निघाली की लगेच करायचा.